लाइन्समनला कोणी विकत घेत नाही

भ्रष्टाचाराला पार्श्वसंगीत नसतं, असं काकाजींचं ठाम मत होतं. पडद्यावर एखादा माणूस काळ्या गाडीतून उतरला आणि मागे ढुमढुम वाजायला लागलं की ते खुर्चीतल्या खुर्चीत झेंडा वर करायचे. मग मी रिमोटने मालिका थांबवायची आणि त्यांनी चूक समजावून सांगायची, असा आमच्या घरातला नियम होता.

आमच्या म्हणते आहे, पण घर त्यांचं. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. भंडाऱ्याहून बालाघाटला एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला आले आणि पहिल्याच हौसेत मोठा टीव्ही घेऊन बसले. माझ्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या आणि चौथ्या बाजूला दार. टीव्ही लावायला भिंतच उरली नाही. शेवटी तो खाली काकाजींच्या बैठकीत लागला. टीव्ही माझा, भिंत त्यांची, आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोघांची समाईक सत्ता.

काकाजी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कारकून. पण नोकरीबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. विचारलं तर सांगायचे, "मी लाइन्समन." जिल्ह्यातल्या फुटबॉल स्पर्धांमध्ये पंचवीस वर्षं ते मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावले होते. खाणींच्या वस्त्या, वारासिवनी, बैहर, जिथे म्हणून चुन्याच्या रेघा पडल्या तिथे ते गेले. मुख्य पंच मात्र कधी झाले नाहीत. एकदा मी गमतीने त्यांना रेफ्रीसाहेब म्हटलं, तर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना सरपंचच म्हटलं होतं.

"रेफ्री मैदानात असते, मॅडम. त्याले गर्दीत दिसत नाही. लाइन्समन काठावर असते. त्याले सगळं दिसते."

रस्त्यानेही ते काठानेच चालायचे. मधून चालायला त्यांना कसंसंच व्हायचं. सकाळी अंगणात कुंपणाच्या भिंतीलगत ते आडवे आडवे, खेकड्यासारखे धावायचे. तोंड अंगणाकडे, पाय भिंतीच्या रेषेत. शेजारच्या नव्या सुनेने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती आत जाऊन दार लावून बसली होती म्हणे. तो त्यांचा व्यायाम.

बोलण्यात त्यांचं एक पालुपद होतं, "मी लाइनीत नव्हतो." ऑफसाइडचा निर्णय द्यायचा तर लाइन्समनला बचावपटूच्या अगदी समांतर रेषेत उभं असावं लागतं. एक पाऊल मागे-पुढे असलात तर डोळा फसवतो. हा नियम त्यांनी संसाराला लावला होता. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "दूध उतू गेलं तं तुम्हाले दिसलं नाही का?" तर उत्तर, "मी लाइनीत नव्हतो." गल्लीत दोन भावांचं भांडण झालं, लोक साक्षीला बोलवायला आले, काकाजी लाइनीत नव्हते. निवडणुकीत कोण येणार, अमक्याची मुलगी कुणाबरोबर पळाली, कशाहीवर मत विचारा, काकाजी लाइनीत नसायचे.

फक्त त्या मालिकेच्या बाबतीत ते पक्के लाइनीत होते.

मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. एका मोठ्या फुटबॉल क्लबचा मालक, एक सट्टेबाज, एक विकला गेलेला पंच आणि एक तडफदार खेळाडू, ज्याचं करिअर हे सगळे मिळून मातीत घालतात. मी ती लावली ती सहज, प्राध्यापकांच्या खोलीत कुणीतरी नाव घेतलं म्हणून. पहिल्याच भागात पंच तळघरातल्या पार्किंगमध्ये जातो, तिथे एक माणूस त्याला काळी बॅग देतो, पंचाच्या कपाळावर घाम. काकाजी उठले, आत गेले, कपाटातून तो जुना पिवळा झेंडा घेऊन आले आणि वर केला.

"थांबवा."

मी थांबवलं.

"ह्या माणसाले घाम काहून येऊन राह्यला? बॅग तं त्याले भेटून राह्यली ना?"

"घाबरलाय तो, काकाजी."

"जो घाबरते त्याले कोनी बॅग देत नाही. आन् मले सांगा, जगातले सगळे बदमाश पार्किंगमंदीच काहून भेटतेत? त्याहिले घर नाही का?"

तासाभराचा एक भाग बघायला आम्हाला तीन तास लागायचे. त्यांच्या हरकतींची मला हळूहळू गोडी लागली. खोटी पेनल्टी देण्याआधी पंच प्रेक्षकांत बसलेल्या मालकाकडे बघतो, यावर झेंडा. "चोरी करनारा वर पाहत नाही. तो सगळ्यात जास्त चेंडूकडं पाहते." मालक अंधाऱ्या खोलीत एकटाच बसून हसतो, यावर झेंडा. "एकटा मानूस हासत नाही, मॅडम. येड्यांच्या दवाखान्याची गोष्ट येगळी." गवत फार हिरवं, यावर झेंडा. स्लो मोशनवर तर ते इतका वेळ झेंडा धरून बसायचे की हात दुखायचा आणि काकू म्हणायच्या, "झेंडावंदन झालं असन तं चहा घ्या."

पण त्यांचं खरं दुःख वेगळं होतं. चार भाग झाले तरी त्या मालिकेत लाइन्समन नव्हता. म्हणजे कडेला कुणीतरी झेंडा घेऊन पळताना दिसायचं, पण त्याला नाव नाही, संवाद नाही, घर नाही, पाप नाही. पंच विकला गेला, कप्तान विकला गेला, संघाचा डॉक्टरसुद्धा विकला गेला. पाचव्या भागाच्या शेवटी काकाजींचा संयम सुटला.

"सगळ्याहिले इकत घेऊन राह्यले. लाइन्समनले कोनी इचारत बी नाही? त्याची काही किंमतच नाही का?"

त्यांचा इतका अपमान झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "अहो, चांगलंच आहे की. तेवढा एक जण तरी प्रामाणिक दाखवलाय."

"प्रामाणिक नाही दाखवला, मॅडम. दाखवलाच नाही." मग झेंड्याची काठी मांडीवर आडवी ठेवून ते बोलू लागले. "असं नसते होत हे. बॅग नसते, धमकी नसते. पहिले तं मानूस तुमच्या अडचनीत येते. तुम्ही बोलावलं नसन तरी येते. काम करून देते आन् नावही काढत नाही. मंग एक दिवस म्याचच्या सकाळी तो मैदानावर भेटते. खेळाची गोष्ट करत नाही. इचारते, वहिनीची तब्येत कशी हाये? बस. येवढंच इचारते."

"मग?"

"मंग काय. तुम्ही म्हनता, बरी हाये, तुमची कृपा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. मी विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

काकाजींनी टीव्हीकडे बोट केलं. "चालू करा."

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला घरचा कूलर बसवायला एक माणूस यायचा. कूलरच्या जुन्या ताट्या काढायच्या, नवा वाळा भरायचा, पंप साफ करायचा, मोटारीला तेल द्यायचं. पन्नाशीचा, काटक, उजव्या पायाने किंचित लंगडणारा. घामेजल्या दुपारीही गुणगुणत काम करायचा. काकू त्याला घरच्या माणसासारखं जेवू घालायच्या. आणि ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी काकाजी घरात नसायचे. पहिल्या वर्षी ते वारासिवनीला कुणाच्या तरी तेराव्याला गेले. दुसऱ्या वर्षी परत वारासिवनीलाच तेराव्याला गेले. मी काकूंना म्हटलं, "काकाजींचे ओळखीचे लोक नेमके कूलरच्या आधी बारा दिवस जातात वाटतं?" काकू हसल्या नाहीत. त्यांना माझी थट्टा एरवी आवडायची.

नवव्या भागात तो पंच कबुली देतो. पत्रकारांनी भरलेल्या दालनात उभा राहून सांगतो की मी विकला गेलो होतो. दार उघडतं, तो उद्ध्वस्त झालेला खेळाडू आत येतो, सगळे श्वास रोखतात, आणि खेळाडू त्याला मिठी मारतो. मागे व्हायोलिन. पाऊस. सगळं स्लो मोशनमध्ये. मी रिमोटवर बोट ठेवून तयारच होते, कारण इतका खोटा प्रसंग त्या मालिकेत आधी आला नव्हता. मी काकाजींकडे पाहिलं. झेंडा खाली होता आणि त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला अंगणात थांबवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्यांची नेमणूक बैहरला होती आणि काकू इकडे आजारी. गर्भाशयाचं काहीतरी, रक्त थांबत नव्हतं. बदलीसाठी अर्ज करून ते थकले होते. तेव्हा एक ठेकेदार आपण होऊन घरी आला आणि महिन्याभरात बालाघाटची बदली झाली. काकू वाचल्या. काकाजींच्या मते तेवढ्यामुळेच वाचल्या. पुढे दोन वर्षांनी जिल्ह्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. एक संघ त्या ठेकेदाराचा. दुसरा वस्तीतल्या पोरांचा. एका खाणीचे साहेब सामना बघायला आले होते. त्यांना आपल्या संघासाठी एक गोल करणारा हवा होता. जो आवडेल तो खेळाडू म्हणून खाणीत नोकरीला लागणार, हे मैदानावर प्रत्येकाला माहीत होतं. सकाळी ठेकेदार भेटला, त्याने काकूंची तब्येत विचारली, आणि काकाजी म्हणाले, तुमची कृपा.

शेवटच्या पाच मिनिटांत वस्तीतल्या एका पोराने गोल मारला. काकाजींनी झेंडा वर केला. झेंड्याचा अर्थ असा की पास निघाला त्या क्षणी तो शेवटच्या बचावपटूच्या पुढे उभा होता, म्हणून ऑफसाइड, म्हणून गोल रद्द. मग चिडलेल्या त्या पोराने पुढच्याच चेंडूवर अंगावर जाऊन टक्कर दिली आणि गुडघा मोडून घेतला. खाणीच्या साहेबांनी ठेकेदाराच्या संघातला एक जण नेला.

"तो पुढं नव्हता," काकाजी म्हणाले. "दोन पावलं मांगं होता. मले कोनी सांगतलं नव्हतं झेंडा वर कर म्हनून. कोनी एक शब्द नाही बोललं, मॅडम. हात आपोआप गेला."

मी विचारलं, "आणि तो मुलगा?"

"तुम्ही त्याले ओळखता. वाळा भरते."

या एप्रिलमध्ये काकाजी वारासिवनीला गेले नाहीत. सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. काकूंनी परोपरीने समजावलं. "आता सांगून त्याले काय भेटन? त्याचा पाय सुधरते का? आन् माह्या नावावर केलं म्हनता, म्या म्हटलं होतं का तुम्हाले, माह्यासाठी कोनाचं वाटोळं करा म्हनून?" शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला. काकाजी ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "टीवीत पाहिलं ना तू. सांगतलं की होते मोकळं." मालिकेतल्या दीडशे खोट्या गोष्टी पकडणारा हा माणूस नेमक्या त्याच गोष्टीवर विश्वास ठेवून बसला होता.

कूलरवाला आला. काकाजी घरात दिसल्यावर त्याने जरा चमकून नमस्कार केला. "काय बाबूजी, यंदा कोनी मेलं नाही वाटते?" म्हणाला आणि स्टूलवर चढून जुन्या ताट्या ओढायला लागला. मी जिन्याच्या पायरीवर वह्या तपासत बसले होते. खोटं कशाला सांगू, मी मुद्दाम बसले होते.

काकाजींनी भाषण पाठ केलं होतं. सुरुवात शुद्ध भाषेत झाली, "आज मला तुझ्याजवळ एका गोष्टीची कबुली द्यायची आहे." दुसऱ्या वाक्यापर्यंत ते मोडलं आणि मग जे आलं ते आलं. बदली, ठेकेदार, झेंडा, सगळं. कूलरवाला पाठमोरा वाळा ठासत होता. हात थांबले नाहीत.

"हौ," तो शेवटी म्हणाला, "पन मी ऑफसाइड होतो ना, बाबूजी."

"नव्हता!"

"होतो. घाई झालती मले."

"अरे, मी लाइनीत होतो! बरोब्बर लाइनीत! तू मांगं होता, म्या पाहिलं!"

"पुरानी बात है बाबूजी, तीस साल झाले. तुम्हाले याद नसन."

काकाजी तावातावाने खाली बसले. त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून पक्कड काढून फरशीवर ठेवली. "हा त्याहिचा शेवटचा बॅक." पक्कडीच्या अलीकडे, दोन बोटं मागे, पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर ठेवला. "हा तू. सांग आता."

तो स्टूलवरून उतरला. लंगडत आला, उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला. मग एका बोटाने त्याने पेचकस सरकवून पक्कडीच्या पुढे नेला. काकाजींनी तो मागे आणला. त्याने पुन्हा पुढे नेला.

"म्या बेईमानी केली तुह्यासंग!" काकाजी ओरडले. शेजारची सून खिडकीत आली. "समजते का तुले? म्या बेईमानी केली!"

"मले मालूम हाये," तो शांतपणे म्हणाला. "त्या दिवशीच मालूम होतं. तुमच्या बदलीची गोष्ट पन मालूम होती. सगळ्या मोहल्ल्याले मालूम होती."

काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातातला चहा तसाच.

"पन घरी जाऊन बापाले काय सांगतलं? मलेच घाई झाली, मीच पुढं पळालो. बाप म्हने, होते असं, चाल आता, काम शीक. शिकलो. बायको आली तं तिलेबी हेच सांगतलं. पोरीहिलेबी हेच. गलती माह्यी होती म्हनून मी गप झोपलो, बाबूजी, इतके साल." त्याने पेचकस उचलला आणि शर्टाला पुसला. "आता तुम्ही म्हनता गोल होता. मंग मले आजपासून रागवा लागन. तुमच्यावर रागवा लागन, त्या ठेकेदारावर, तो तं मेला, या पायावर. काकूच्या हातचं जेवलो त्याच्यावर बी रागवा लागन. कुठून आनू मी तेवढा राग? सीझन सुरू हाये माहा." मग तो हात जोडून म्हणाला, आणि त्यात नाटक काहीच नव्हतं, "मले ऑफसाइडच राहू द्या."

मला काकाजींचा राग आला, कूलरवाल्याच्या त्या मोठेपणाचाही राग आला, आणि मी वह्यांमध्ये मान खुपसून रडले.

तो पुन्हा स्टूलवर चढला. ताट्या बसवल्या, पंपाची नळी जोडली, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. कूलर खडखडला, मग सुरळीत झाला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

"बाबूजी, समोर उभे राहा जरा. हवा बरोबर येते का पाहा."

काकाजी उठले आणि कूलरसमोर जाऊन उभे राहिले. पाण्याचे बारीक थेंब त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर उडत होते.

"येते का?"

"येते," काकाजी म्हणाले.

"मंग झालं," तो म्हणाला, काकूंच्या हातातला निवलेला चहा उभ्याने प्यायला आणि पुढच्या घरी कूलर भरायला निघून गेला. काकाजी तिथेच उभे होते. माफी मिळाली की नाकारली, हे त्यांना कळलं नव्हतं, आणि आता ते विचारणार कुणाला? काकूंनी दोनदा सांगितलं, मांगं सरा, भिजून राह्यले. ते सरले नाहीत.